पडाव ते शिवपुरी : दोन समाध्यांमधलं तळं

ग्वाल्हेरला येणारा मराठी माणूस बहुधा पंजाब मेल, झेलम किंवा गोवा एक्स्प्रेसनं उतरतो. पहिल्या दिवशी किल्ला, त्यावरचं मानमंदिर, सास-बहूची देवळं, तेली का मंदिर. दुसऱ्या दिवशी जयविलास महालातली जेवणाच्या टेबलावरून धावणारी चांदीची आगगाडी आणि साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं. वेळ उरलाच तर तानसेनाची कबर. मग आग्र्याची गाडी. सहलीच्या कंपन्यांचा कार्यक्रमही साधारण असाच आखलेला असतो आणि त्यात वाईट काही नाही. पण ज्यांच्या गाठीशी आणखी दोन दिवस असतील, त्यांनी आग्र्याकडे तोंड न करता उलट, दक्षिणेला, शिवपुरीच्या रस्त्याला लागावं, असं मला फार मनापासून सांगावंसं वाटतं. सुरुवात मात्र स्टेशनाला लागूनच असलेल्या पडावपासून करावी.

कारण हा साधारण एकशेपंधरा किलोमीटरचा रस्ता १८५८-५९ च्या लढ्यातल्या दोन मराठी माणसांच्या अखेरीला जोडतो. पडावला झाशीच्या राणीची समाधी आहे. शिवपुरीत तात्या टोप्यांना फाशी दिली ती जागा आहे. आणि शिवपुरीला टेकून शिंद्यांनी बांधलेली तळी, त्या तळ्यांभोवतीचं माधव राष्ट्रीय उद्यान, मगरी, नावा, छत्र्या आणि आता पुन्हा वाघ. समुद्र इथून कुठल्याही दिशेला शेकडो कोस दूर. तरीही पाण्याच्या काठानं चालावं, नावेत बसावं, जंगलात फिरावं आणि त्याच दिवशी इतिहासाच्या दोन-चार खऱ्या जागांवर उभं राहावं, अशी सोय मध्य भारतात फार थोड्या ठिकाणी आहे.

पडाव म्हणजे आज नुसती वर्दळ. रेल्वेच्या रुळांवरून जाणारा पूल, पलीकडे हजिरा आणि तानसेनाच्या कबरीकडे जाणारा रस्ता, अलीकडे फूलबाग. ई-रिक्षा, टेम्पो, हॉटेलं, सकाळी कचोरीच्या कढया. या गर्दीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, फूलबागेसमोर, राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. बागेच्या कडेला घोड्यावर स्वार झालेल्या राणीचा पुतळा आणि त्याच्या पुढ्यात समाधीचा साधा चौथरा. लोक पुतळ्याशी फोटो काढतात आणि निघतात. मी म्हणेन, चौथऱ्यापाशी थोडं थांबा. राणीच्या नावाचे पुतळे देशभर आहेत, तिचा देह अग्नीला दिला गेला ती जागा ही एकच.

१ जून १८५८ ला राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्या फौजा ग्वाल्हेरवर आल्या. ग्वाल्हेरचे राजे जयाजीराव शिंदे मुरारजवळ लढायला उभे राहिले खरे, पण त्यांचं बरंचसं सैन्यच समोरच्यांना जाऊन मिळालं. जयाजीराव आणि दिवाण दिनकरराव आग्र्याला इंग्रजांच्या आश्रयाला गेले. रावसाहेबांनी ग्वाल्हेरात दरबार भरवला, पेशवाईचं निशाण पुन्हा लागलं. ते टिकलं जेमतेम अठरा-एकोणीस दिवस. सर ह्यू रोझच्या फौजेनं १६ जूनला मुरार घेतलं, १७ जूनला कोटा की सराय इथं चकमक झाली आणि तिच्यात राणी जबर जखमी झाली. काही नोंदी १८ जून सांगतात, आणि समाधीवरचा बलिदान मेळाही त्या दोन्ही दिवशी भरतो. २० जूनला किल्ला पडला.

जखमी राणीला आणलं गेलं ते गंगादास महाराजांच्या मठात. ही ‘गंगादास की बडी शाला’ आजही पडावच्या लक्ष्मीबाई कॉलनीत आहे. देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून साधूंनी घाईनं चिता रचली आणि ती जळेपर्यंत इंग्रज फौजेला अडवून धरलं. त्यात साडेसातशेच्या आसपास साधू कामी आले अशी मठाची परंपरा आहे. त्या साधूंची शस्त्रं मठात जपून ठेवलेली आहेत. समाधी पाहणाऱ्या शंभरांतले पाचही इकडे फिरकत नसतील. वास्तविक ज्यांची नावं कुठल्याच शाळेच्या पुस्तकात नाहीत, ती माणसं इथं पडली. समाधीपासून मठ पायी गाठता येतो. विचारत जावं, कोणीही वाट दाखवतो.

मराठी वाचकाला या सगळ्या भागाची ओळख करून देणारा खरा वाटाड्या म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. पेण तालुक्यातला हा भिक्षुक बायजाबाई शिंदे यज्ञ करणार असल्याचं कळल्यावर दक्षिणेच्या आशेनं १८५७ साली उत्तरेला निघाला आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्यानं आतून पाहिला. त्याचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली पहिल्यांदा छापलं. ग्वाल्हेरला निघण्याआधी ते वाचून काढलं, तर पडाव नुसता चौक राहत नाही.

आता एक गोष्ट, जी ग्वाल्हेरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या मनात येते आणि बहुतेक जण ती बोलत नाहीत. ज्या शिंद्यांच्या कर्तृत्वाचा आपल्याला अभिमान, ज्या महादजींनी पानिपतानंतर मराठ्यांचा दिल्लीतला दबदबा परत उभा केला, त्यांच्याच गादीनं १८५८ मध्ये राणीची साथ दिली नाही. हे टाळून ग्वाल्हेर पाहता येत नाही. आणि हे एवढंच धरून बसलं तरीही ग्वाल्हेर पाहता येत नाही. १८१० मध्ये दौलतरावांनी इथं तळ दिला आणि लष्कर हे शहर वसलं. चिटणीस की गोठ, शिंदे की छावनी, फालके बाजार, शितोले साहब का बाडा ही नावं आजही पत्त्यांत लिहिली जातात. कृष्णराव शंकर पंडितांचं गाणं इथलं. भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघालं तेही इथं. राणीची समाधी आणि तिच्याविरुद्ध गेलेल्या घराण्याची बाग रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. दोन्ही आपल्याच इतिहासाच्या आहेत. दोन्हींकडे सरळ नजरेनं पाहण्याचं बळ आपल्यात असायला हवं.

समाधीसमोरची फूलबाग जयाजीरावांचे पुत्र माधवराव शिंद्यांनी नव्यानं घडवली. १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीत तिचं उद्‌घाटन झालं. एकाच आवारात गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज असावं ही त्यांची कल्पना, आणि ती आजही उभी आहे. गोपाळ मंदिरातल्या राधाकृष्णाला जन्माष्टमीला संस्थानकाळचे रत्नजडित दागिने घालतात. एरवी ते बँकेच्या तिजोरीत असतात, त्या दिवशी पोलीस बंदोबस्तात आणले जातात आणि दर्शनाची रांग बागेबाहेर जाते. प्राणिसंग्रहालयही याच बागेत आहे. मुलं बरोबर असतील तर पांढरा वाघ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाहीत. बागेच्या कडेनं वाहणारी स्वर्णरेखा मात्र पाहवत नाही. नदीचं पात्र काँक्रीटनं बांधून काढलं, त्यात आता सांडपाणी वाहतं आणि वर उन्नत रस्त्याचे खांब उभे राहिलेत. पाण्याशी शिंद्यांनी कसं नातं ठेवलं होतं हे पाहायला म्हणूनच शहर सोडावं लागतं.

आग्रा-मुंबई हमरस्त्यानं ग्वाल्हेर सोडलं की घाटीगाव, मोहना, सतनवाडा अशी गावं लागतात. १८९९ च्या सुमारास याच दिशेनं शिंद्यांची दोन फुटी रुळांची छोटी गाडी शिवपुरीपर्यंत धावू लागली होती. ती बंद पडून कित्येक वर्षं झाली, आता रुंद रुळांचा ग्वाल्हेर-गुना मार्ग आहे आणि गाडीनंही शिवपुरीला जाता येतं. तरी मी रस्त्याचीच शिफारस करेन. कारण मोहन्याच्या पुढे जमीन उंच-सखल होऊ लागते, विंध्याचे लालसर वालुकाश्म उघडे पडतात आणि दोन्ही बाजूंना करधईचं जंगल सुरू होतं.

करधई हे आपल्या धावड्याचं भावंड. बारीक पानांचं, खडकाळ माळावर वाढणारं, उन्हाळ्यात इतकं वाळून गेलेलं की मेलं असंच वाटावं. पण पाऊस पडण्याचीही ते वाट बघत नाही. जूनमध्ये हवेत नुसता दमटपणा आला की फांद्यांवर हिरवी लव दिसू लागते. इथली माणसं करधईकडे बघून पावसाचा अंदाज बांधतात. खैर, सालई, पळस हेही आहेत, पण या भागाचा चेहरा घडवला तो करधईनं. फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये गेलात तर पळस पेटलेला असतो आणि बाकीचं जंगल तांबूस-राखाडी. मला स्वतःला हाच मोसम सगळ्यांत आवडतो, जरी पक्षी पाहणारे डिसेंबर-जानेवारीचा आग्रह धरतात.

शिवपुरीचं जुनं नाव सीपरी. ही इंग्रजांची छावणी होती. पुढे माधवरावांनी तिला ग्वाल्हेर संस्थानची उन्हाळी राजधानी केली. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि शिवपुरी पठारावर असल्यानं तिथं रात्री तरी थंड असतात. पण राजधानीला पाणी हवं. १९१८ साली मणिहार नदी अडवून इथं सख्यासागर तयार झाला. स्थानिक लोक त्याला चांदपाठा म्हणतात. शेजारी माधवसागर. आईच्या नावाचं तळं आणि मुलाच्या नावाचं तळं, एकमेकांना लागून. सख्याराजे या माधवरावांच्या मातुःश्री, जयाजीरावांच्या राणी.

माधवरावांचं पाणी-प्रेम हौसेपुरतं नव्हतं. १८९९-१९०० चा, संवत १९५६ म्हणून ‘छप्पनिया’ म्हटला जाणारा दुष्काळ या भागानं भोगला होता. त्यानंतर संस्थानात तलाव आणि बंधारे बांधण्याचा सपाटा सुरू झाला. ग्वाल्हेरच्या पश्चिमेला वीस-बावीस किलोमीटरवर सांक नदीवरचं तिघरा धरण त्यातलंच. विश्वेश्वरय्यांनी पुण्याजवळ खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे तिघऱ्यालाही वापरले गेले. धरण १९१६ चं. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१७ मध्ये, वालुकाश्माच्या पायात पाणी मुरून ते फुटलं आणि खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. ते पुन्हा उभारलं गेलं, आजही ग्वाल्हेरची तहान तेच भागवतं, आणि तिथं नौकाविहारही आहे. ज्यांना शिवपुरीपर्यंत जाणं जमणार नाही त्यांनी निदान तिघरा तरी पाहावं. पण मला थक्क करते ती गोष्ट वेगळी आहे. इतकी मोठी दुर्घटना घडल्यावर पुढच्याच वर्षी सख्यासागर पुरा झाला. हात आखडले नाहीत.

उद्यानाचं एक प्रवेशद्वार शहराला खेटूनच आहे, त्यामुळे शिवपुरीत मुक्काम करून पहाटे आत जाणं सोपं. आत शिरल्यावर पहिलं दर्शन तळ्याचंच होतं. पाण्याच्या काठाशी सेलिंग क्लबची इमारत आहे. संस्थानकाळी पाहुणे इथं उतरत आणि शिडाच्या नावा पाण्यात जात. थोडं पुढे शूटिंग बॉक्स, म्हणजे शिकाऱ्यांनी दबा धरून बसण्याची बांधीव जागा. दगडी भिंतीला झरोके आहेत, त्यातून समोरची मोकळी जागा नेमकी टप्प्यात येते. त्या झरोक्याला डोळा लावून पाहिलं की शिकार किती बिनधोक करून ठेवली होती ते समजतं. जनावरानं पाण्याला यायचं आणि माणसानं आडोशाला बसायचं. इथं मला शिंद्यांचं कौतुक करवत नाही. या जंगलातला वाघ संपला त्याचं एक कारण या झरोक्यापाशी उभं राहून दिसतं.

उद्यानातल्या सर्वांत उंच जागी, ४८४ मीटरवर, जॉर्ज कॅसल आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज दिल्ली दरबारासाठी हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांनी शिकारीसाठी इथं एक रात्र राहावं म्हणून हा छोटेखानी किल्लेवजा बंगला बांधला. बादशहांना वाघ वाटेतच मिळाला म्हणून त्यांनी इथं मुक्काम केलाच नाही, असं सांगतात. त्या एका रात्रीसाठी केलेली तयारी मात्र अजून दिसते. पाहुण्यांची मर्जी राखण्याची ही ओढ इतकी होती की माधवरावांनी आपल्या मुलांची नावं जॉर्ज जिवाजीराव आणि मेरी कमलाराजा अशी ठेवली. आज त्या बंगल्याचा खरा उपयोग त्याच्या गच्चीसाठी. खाली सख्यासागर पूर्ण दिसतो, त्याच्या वळणाकाठानं जंगल दिसतं, आणि शिवपुरी शहर किती जवळ आलं आहे तेही दिसतं.

सकाळी ऊन वर आलं की मगरी पाण्यातून बाहेर येतात. या तळ्यात त्या भरपूर आहेत, आणि पहिली मगर ओळखायला वेळ लागतो. काठावरच्या खडकाचा रंग आणि तिच्या पाठीचा रंग एकच. वाटाड्या बोट दाखवतो, तरी आपल्याला खडकच दिसतो. मग त्या खडकाचा जबडा उघडलेला असल्याचं लक्षात येतं. मगर तासन्‌तास तोंड उघडं ठेवून पडते ते अंगातली उष्णता जाऊ देण्यासाठी. तिच्यापासून चार पावलांवर एखादा बगळा निवांत उभा असतो. थोड्या वेळानं नजर सरावते आणि मग एकामागून एक दिसू लागतात. वाळूवर, बेटावर, अर्ध्या पाण्यात. पाण्यात उतरायला अर्थातच सक्त मनाई आहे. नावेतही हात बाहेर काढू नका असं सांगतात ते उगीच नाही.

थंडीत पक्ष्यांचे थवे उतरतात. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, चित्रबलाक, शराटी. नाशिकजवळचं नांदूरमध्यमेश्वर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही मंडळी ओळखीची वाटतील. दोन्ही ठिकाणी साम्यही आहे. दोन्ही पाणथळ जागा माणसानं बांध घालून तयार केलेल्या, दोन्ही आता आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर यादीत. नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये गेलं, सख्यासागर २०२२ मध्ये. क्षेत्रफळ सुमारे २४८ हेक्टर.

आणि तरीही या तळ्याची प्रकृती चांगली नाही, हे लिहिलंच पाहिजे. शिवपुरी शहराचं सांडपाणी वरच्या तलावांतून वाहत इथवर पोचतं. त्या पाण्यावर जलपर्णी माजते. काही वर्षी पाण्याचा मोठा भाग हिरव्या गालिच्याखाली गेलेला असतो, यंत्रं लावून ती काढतात, ती पुन्हा येते. सांडपाणी थांबत नाही तोवर जलपर्णी काढणं म्हणजे गळक्या छताखाली नुसती फरशी पुसत बसणं. रामसरची पाटी लागली याचा आनंद आहे, पण पाटीनं पाणी स्वच्छ होत नाही. शिवपुरीतले काही जागरूक लोक यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करताहेत. बाहेरून जाणाऱ्यांनी निदान प्लास्टिकची एकही पिशवी मागे सोडू नये.

जंगलात चितळ, सांबर, नीलगाय, चिंकारा, चौशिंगा, अस्वल, बिबट्या आहेत. वाघ अडीच दशकांहून अधिक काळ नव्हता. १० मार्च २०२३ ला इथं वाघ सोडले गेले. पहिल्या टप्प्यात एक नर आणि दोन माद्या आणायचं ठरलं होतं. नंतर इथंच बछडी जन्माला आली. दोन वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, माधव राष्ट्रीय उद्यान देशातला अठ्ठावन्नावा व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झालं, मध्य प्रदेशातला नववा. गाभ्याचं क्षेत्र सुमारे ३७५ चौरस किलोमीटर. शहराच्या बाजूनं तेरा किलोमीटरची दगडी भिंतही बांधली गेली, कारण गुरं आणि वाघ दोघांनाही ती हवी होती. उत्तर-पश्चिमेला कुनोचं जंगल फार लांब नाही, तिथं सप्टेंबर २०२२ पासून चित्ते आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये कुनोतला एक नर चित्ता भटकत शिवपुरीच्या जंगलापर्यंत येऊन गेला. जनावरांना जिल्ह्यांच्या सीमा कळत नाहीत, त्यांना झाडोऱ्याचा सलग पट्टा कळतो. तो राखला गेला तर पुढच्या दहा वर्षांत या भागाचं चित्र बदलेल असं मला वाटतं. वाघ दिसेलच या हिशेबानं मात्र जाऊ नये. ताडोब्याची सवय झालेल्यांची इथं निराशा होईल. इथं पाण्यासाठी, मगरींसाठी, पक्ष्यांसाठी आणि करधईसाठी जावं.

संध्याकाळ छत्र्यांसाठी, म्हणजे शिंद्यांच्या स्मारकांसाठी, राखून ठेवावी. शिवपुरीतल्या छत्रीबागेत एका मोठ्या चौकोनी कुंडाच्या दोन बाजूंना आई आणि मुलगा समोरासमोर आहेत. एका बाजूला सख्याराजांची छत्री, दुसऱ्या बाजूला माधवरावांची. माधवराव ५ जून १९२५ ला पॅरिसमध्ये वारले. त्यांची छत्री पांढऱ्या संगमरवराची, शिखर देवळाचं आणि छज्ज्यांवरच्या छत्र्या मोगली. संगमरवरात रंगीत दगड बसवून केलेल्या वेली आहेत. पाकळीचा रंग कडेला गडद आणि आत फिका व्हावा म्हणून एकाच दगडाच्या वेगवेगळ्या छटा निवडून जोडल्या आहेत. बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. आग्र्याला ताजमहालात असंच काम गर्दीत ढकलत-ढकलत पाहावं लागतं, इथं पाकळीशी नाक लावून पाहता येतं. आत मूर्ती आहेत आणि त्यांची सेवा अजूनही चालते, पोशाख, नैवेद्य वगैरे रीतीप्रमाणे होतो. महाराष्ट्रात समाधीला फूल वाहून आपण निघतो. इथं गेलेल्या माणसाला रोज उठवावं, जेवू घालावं, ही रीत राजपुतान्याच्या शेजारानं मराठी घराण्यात आली असावी असं मला वाटतं.

छत्र्यांपासून शहरात आलं की तात्यांचं स्मारक. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला सरकारी इमारती, मधे तलवार घेतलेला पुतळा. येवल्याच्या रामचंद्र पांडुरंग टोप्यांचा शेवट इथं झाला. ग्वाल्हेर पडल्यावर तात्यांनी जवळजवळ दहा महिने इंग्रजांच्या अनेक पलटणींना झुलवलं. राजपुताना, माळवा, बुंदेलखंड. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तर नर्मदा ओलांडून दक्षिणेला उतरले. पेशव्यांचा माणूस फौज घेऊन दक्षिणेत आला म्हणताच मुंबई इलाख्यात धावाधाव झाली. दक्षिणेत हवा तसा उठाव झाला नाही, ते पुन्हा नर्मदा ओलांडून वर गेले, आणि शेवटी नरवरच्या मानसिंगाच्या आसऱ्याला पाडौनच्या जंगलात राहिले. मानसिंगाचं जहागिरीवरून शिंद्यांशी वितुष्ट होतं. मेजर मीडनं त्यालाच फोडलं. ७ एप्रिल १८५९ च्या रात्री तात्या झोपेत पकडले गेले. सीपरीच्या छावणीत लष्करी न्यायालय बसलं. आपण पेशव्यांच्या हुकमानं लढलो, इंग्रजांचे आपण चाकर नव्हतो, तेव्हा बंडाचा आरोप लागूच होत नाही, असा त्यांचा जबाब होता. १८ एप्रिलला फाशी झाली. फाशी गेला तो तात्या नव्हेच असं मानणारेही आहेत, येवल्याकडे ती समजूत अजून ऐकू येते. शिवपुरीत मात्र दर १८ एप्रिलला स्मारकापाशी लोक जमतात.

पुतळ्यापाशी उभं राहिल्यावर मला दरवेळी पडाव आठवतो तो एका साध्या हिशेबानं. राणीला चितेपर्यंत साधूंनी राखलं. तात्यांना आसरा देणाऱ्यानंच धरून दिलं. दोघांमध्ये दहा महिन्यांचं अंतर, आणि रस्ता एकच.

आता थोडं व्यवहाराचं. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांचा गाभा बंद असतो, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. सफारीचं आरक्षण मध्य प्रदेश सरकारच्या संकेतस्थळावर आधीच करावं, ओळखपत्र मूळ लागतं. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरच्या धुक्यानं दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या हमखास रखडतात, परतीचं तिकीट काढताना हे ध्यानात ठेवावं. पहाटेच्या उघड्या जिप्सीत कानटोपी आणि हातमोजे लागतातच, पुण्या-मुंबईचा स्वेटर पुरत नाही. दुर्बीण असेल तर जरूर घ्यावी. पाऊस नुकताच संपलेला असेल तर शहराजवळच्या भदैया कुंडावर धबधबा सुरू असतो, तोही पाहून घ्यावा.

ग्वाल्हेरला परतताना आलेल्याच रस्त्यानं येऊ नये. सतनवाड्यापासून नरवरला फाटा फुटतो. सिंध नदीच्या वळणावर, उंच डोंगरावरचा हा किल्ला नळ-दमयंतीच्या नळाचा म्हणून सांगितला जातो. कछवाहे, तोमर, मोगल आणि शेवटी शिंदे, सगळ्यांच्या खुणा तिथं आहेत. मानसिंग ज्या घराण्याचा, तेही इथलंच. चढ खडा आहे, वर पाण्याची सोय धरून चालू नये. ऊन चढायच्या आत, म्हणजे शिवपुरीहून सकाळी सातला निघालात, तर किल्ला नीट फिरून संध्याकाळच्या गाडीला ग्वाल्हेर स्टेशन सहज गाठता येतं.